'द पॉप्युलेशन बॉम्ब': घ्यावं का, आणि कोणती आवृत्ती?

पैसे देण्याआधी आतल्या पानावरचं साल बघा. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांचं लोकसंख्यावाढीच्या धोक्यावरचं हे पुस्तक 1968 मध्ये आलं, पुढे 1971 आणि 1978 मध्ये सुधारून निघालं, आणि सुधारणा करताना नेमका भारतावरचा मजकूर हलला. 1970 च्या दशकात कित्येक कोटी लोक उपासमारीने मरणार, असं पहिल्या आवृत्तीत ठाम म्हटलंय; नंतर त्या मुदतीत 1980 चं दशकही आलं. भारत 1971 पर्यंत अन्नधान्यात स्वयंपूर्ण होईल असं मानणारा जाणकार आपल्याला भेटलेला नाही, हे विधान तर पुढे गळालंच. स्पर्धा परीक्षेच्या निबंधात उतारा देणाऱ्या पोरांनी एवढं तरी तपासावं. मुखपृष्ठावर एकट्या पॉल यांचं नाव आहे, लिहायला मात्र पत्नी ॲन बरोबरीने होत्या. पुस्तकाचं शीर्षक प्रकाशकाने ठेवलेलं.

सुरुवात दिल्लीतल्या टॅक्सीप्रवासाची आहे. रस्त्यावर माणसंच माणसं, त्यावरून लोकसंख्येचा साक्षात्कार. त्या वेळची दिल्ली पॅरिसपेक्षा लहान होती. एर्लिकना दिसली ती गरिबी. ती गर्दीच्या खात्यावर टाकून पुस्तक पुढे जातं, आणि हा घोळ शेवटपर्यंत निस्तरत नाही.

भाकिताची परीक्षा आपल्याकडेच झाली. बहात्तरच्या दुष्काळात माण, खटाव, जत, आटपाडी होरपळले. जनावरं गेली, लोक लाल मिलो आणि सुकडीवर राहिले, पण पुस्तकात रंगवलेली उपासमार झाली नाही. कारण खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव अशी कामं काढून हातात मजुरी दिली गेली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं या कामांवर होती. त्यामागची रोजगार हमीची कल्पना तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची. धान्य किती पिकलं यापेक्षा ते विकत घ्यायची ऐपत कोणाकडे आहे, हा प्रश्न पुस्तकात जवळजवळ नाहीच. एर्लिकांची भीती अगदी हवेतली नव्हती, हेही सांगायला हवं. 1966 मध्ये आपण 1 कोटी टनांच्या आसपास धान्य आयात करत होतो. पण बुटक्या जातींचा गहू आला आणि 1964-65 चं सव्वा कोटी टन गव्हाचं उत्पादन 1970-71 पर्यंत जवळपास दुप्पट झालं.

उपायांचं प्रकरण मात्र चुकवू नका, कितीही चीड आली तरी. पाळणे, लंगोट, खेळणी यांवर कर. लग्नानंतर मूल न होऊ देता काढलेल्या दर पाच वर्षांसाठी बक्षीस. सातारा जिल्हा परिषदेने 2007 मध्ये पहिलं मूल दोन वर्षं लांबवणाऱ्या जोडप्याला 5000 आणि तीन वर्षांसाठी 7500 रुपये देऊ केले होते, ते यातलंच सौम्य भावंड. इथवर ठीक. पुढे तीन किंवा अधिक मुलं असलेल्या भारतीय पुरुषांच्या नसबंदीसाठी अमेरिकेने भारत सरकारवर दबाव आणायला हवा होता, हेलिकॉप्टर आणि शस्त्रक्रियेची हत्यारं पुरवायला हवी होती, असं लिहिलंय. आठच वर्षांनी, 1976 मध्ये, तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. र. धों. कर्वे 1921 पासून हाच विषय बाईच्या आरोग्याच्या आणि सुखाच्या बाजूने मांडत होते. त्या तुलनेत एर्लिकांच्या पानांत बाई फारशी भेटत नाही.

गंमत अशी, की याच माणसाचं खरं काम अव्वल दर्जाचं आहे. 1932 चा जन्म, कॅन्ससमध्ये मधमाश्यांचे जाणकार चार्ल्स मिचनर यांच्याकडे पीएच.डी., 1959 पासून स्टॅनफर्ड. तिथल्या जॅस्पर रिजवर सर्पेंटाइन खडकाची पातळ, निकस माती आहे, आपल्या कासच्या सड्यासारखी: इतर गवत टिकत नाही, म्हणून खास फुलांना जागा मिळते. तिथल्या चेकरस्पॉट फुलपाखरांना खुणा करून, सोडून, पुन्हा पकडून त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं. पंख असूनही ही फुलपाखरं शेजारच्या तुकड्यात फारशी जात नाहीत. एकाच वर्षी एका तुकड्यात ती वाढतात, दुसऱ्यात घटतात. अळी पुरेशी मोठी व्हायच्या आत झाडं वाळली, की त्या तुकड्यातली पिढी गेली. 1990 च्या दशकाअखेरीस ती जॅस्पर रिजवरून नाहीशीच झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर रेव्हन यांच्यासोबतचा 1964 चा निबंधही याच तोडीचा: झाड विष तयार करतं, अळी ते पचवायला शिकते, आणि दोघं एकमेकांना घडवतात. रुईचा चीक पचवून पक्ष्यांना कडू लागणारी आपल्या बांधावरची फुलपाखरं बघा, मुद्दा लगेच कळेल. फुलपाखरांचा हिशेब तुकड्यातुकड्याने ठेवणारा हा शास्त्रज्ञ माणसांचे अख्खे देश एका ओळीत निकालात काढतो, हा पुस्तकाचा मूळ दोष.

अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांच्याशी 1980 मध्ये लागलेली पैज पुस्तकाबाहेरची, पण सगळे तिचाच दाखला देतात. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील, टंगस्टन; प्रत्येकी 200 डॉलरचा माल, मुदत दहा वर्षं. धातू महागतील, असं एर्लिकांचं म्हणणं. महागाई वजा जाता पाचही धातू स्वस्त झाले आणि एर्लिकांनी 576.07 डॉलरचा चेक पाठवला. त्यावरून पर्यावरणाचा प्रश्नच खोटा ठरवणारे घाई करतात. दुसरं दशक निवडलं असतं तर निकाल फिरूही शकला असता.

जॉन होल्ड्रन यांच्यासोबतच्या मांडणीतून आलेलं सूत्र जास्त कामाचं: पर्यावरणावरचा परिणाम म्हणजे लोकसंख्या गुणिले दरडोई उपभोग गुणिले तंत्र. ते वापरताना तिन्ही आकडे सुटे धरले की गणित चुकतं, कारण एक हलला की दुसराही हलतो. 2001 ते 2011 मध्ये सातारा जिल्ह्याची लोकसंख्या साधारण 7 टक्के वाढली, सांगलीची 9, राज्याची 16. तरी कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड होतातच. तिथे पहिला आकडा सोडा आणि उसाला पाटाने किती पाणी जातं, निचरा कुठे तुंबलाय ते बघा.

चर्चेसाठी, वादासाठी घ्यायचं तर 1968 चीच आवृत्ती घ्या. माणूस समजून घ्यायचा असेल तर 2023 मध्ये येल विद्यापीठाने काढलेलं त्यांचं आत्मचरित्र घ्या. जुनी प्रत मिळाली तर कणा उघडून बघा. असल्या स्वस्त कागदी बांधणीचा गोंद वाळतो आणि पानं सुटतात.