किकरचा पट्टा तुटला म्हणून लिहितोय (हॉकीचं गोलकीपर किट, आठ महिने वापरून)

पॅड किती जाड, फोम कसला, हे तुम्ही बघितलंच असेल, ते परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते किकरच्या, म्हणजे बुटावर चढवायच्या फोमच्या कवचाच्या, खालून जाणाऱ्या पट्ट्याबद्दल. तो बुटाखालून जातो, म्हणजे टर्फवर प्रत्येक पावलाला घासणार, आणि नेमका तिथेच शाळेच्या दप्तराला असते तसली पातळ नायलॉनची पट्टी लावलीय. साडेसोळा हजारांच्या सेटला!

दीड महिन्यापूर्वी चर्चगेटला मॅच, पेनल्टी कॉर्नर, मी दोन पावलं पुढे आलो आणि उजवा किकर गर्रकन फिरून घोट्याच्या बाजूला गेला, बॉल बरोबर तिथूनच आत. टीमवाले म्हणे, पाय उशिरा टाकलास. पाय वेळेवर आला होता हो, किकर आला नाही!

दुकानदार म्हणतो पट्टा वॉरंटीत येत नाही. मग काय येतं, पिशवी? तीन मेसेज टाकले, निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. शेवटी दादर स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांनी जाड चामड्याचा पट्टा डबल टाके घालून लावून दिला, ८० रुपये. तेव्हापासून ढिम्म हललेला नाही.

एक गोष्ट मात्र मागे घेतो. सुरुवातीचे तीन महिने मी सगळ्यांना सांगत होतो की फोम बेकार आहे, बॉल उडून थेट समोरच्या फॉरवर्डच्या स्टिकवर जातो. आमच्या एका जुन्या कीपरने एक दिवस गोलमागे उभं राहून बघितलं आणि म्हणाला, अरे तू बॉलला नुसता पाय लावतोस, मारत नाहीस, वजन सगळं टाचेवर. डोकं बॉलच्या वर आण, गुडघा वाकव, पायाच्या आतल्या बाजूने साइडलाइनकडे मार. महिनाभर तेवढंच केलं. फोम तोच, पण आता बॉल सर्कलच्या बाहेर जातो. तर फोमला पूर्ण मार्क.

पण पट्ट्याने डोक्यात घर केलंय. शूटआउटला (एकटा फॉरवर्ड विरुद्ध एकटा कीपर) फॉरवर्डकडे ८ सेकंद असतात, त्यात आधी पडायचं नाही, पायावर उभं राहून समोरच्याला वाट बघायला लावायची. हे मला जमायला लागलं होतं. पट्टा तुटल्यापासून फॉरवर्ड धावत येतोय आणि मी खाली किकरकडे बघतोय. टोकियो ऑलिंपिकला जर्मनीविरुद्ध आपण ५-४ ने पुढे असताना आपल्या गोलकीपर श्रीजेशने शेवटच्या क्षणी पेनल्टी कॉर्नर अडवला, तो व्हिडिओ मी शंभरदा बघितला असेल, हल्ली त्यात फक्त त्याचे पाय बघतो.

बाकी पॅड पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत, घरात कुबट वास, बायको बाल्कनीत हाकलते. लोकलला लगेजच्या डब्यातूनच जावं लागतं, परवा एकाने विचारलं, काका, गादी कितीला घेतली?

फोमसाठी चार स्टार देत होतो, पट्ट्यासाठी दोन कापले. आता डाव्या किकरचा पट्टाही कडेने उसवायला लागलाय, शनिवारी काकांकडे. तिथे आणखी ८० जाणार.