इंजेक्शन की ऑपरेशन? प्रोस्टेटच्या हार्मोन उपचाराबद्दल

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलाय, त्याला वाढवणारं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कायमचं बंद ठेवायचं, असं ठरलं की मुख्यतः दोन वाटा असतात: दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर एकदाच अंडकोषांचं ऑपरेशन. मी सव्वा वर्ष इंजेक्शन घेतलं, मग ऑपरेशन केलं.

त्रासात फार डावं-उजवं नाही. अंगातून वाफा निघणं, इच्छा मरणं, पोट सुटणं, मांड्या सैल पडणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, सगळं टेस्टोस्टेरॉन गेल्यामुळे. खानापूरच्या जुलैतल्या गारठ्यात मी रात्री दोनदा बनियन बदलायचो, ऑपरेशननंतरही बदलतोच. हृदयाचा त्रास असेल तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि हाडांची डेक्सा (घनता मोजणारी) तपासणी टाळू नका.

एक फरक मात्र खरा. ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनने पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून सोबत त्याचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. मणक्यात गाठ असेल तर हे दिवस जोखमीचे. ऑपरेशनने ते काही तासांतच खाली येतं.

पण माझं मन वळलं ते तारखांमुळे. आमचं गाव घाटाकडे. श्रावणात ओढ्याला पाणी आलं, बस बंद, इंजेक्शन १७ दिवस लांबलं. बेळगावात रक्त तपासलं तर टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम/डेसिलीटरच्या वर! ते त्याच्या खाली ठेवण्यासाठीच तर सगळा खटाटोप. त्यानंतर महिनाभर कंबर जरा दुखली तरी मी अंथरुणात उठून बसायचो. बायको कॅलेंडरवर पुढच्या तारखेभोवती लाल गोल करायची, आणि त्या गोलाकडे बघूनच माझा घसा कोरडा पडायचा.

ऑपरेशन परत फिरवता येत नाही. रेडिएशनबरोबर ठरावीक काळापुरताच उपचार असेल तर इंजेक्शनच बरं, पुढे हार्मोन परतण्याची आशा तरी राहते. थोरले दादा म्हणाले, "अरे, पुरुषपण जातं की!" मलाही ते दोन महिने खात होतं. पण जे जायचं ते इंजेक्शनवर असतानाच गेलं होतं.

प्रत्येकाचा आजार वेगळा, तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. माझ्यापुरतं म्हणाल तर आता ओढ्याला पाणी आलं की फक्त पीएसएची (प्रोस्टेटच्या आजारावर लक्ष ठेवणारी रक्ताची) तपासणी पुढे ढकलावी लागते.