चौधारी घेवड्याचं बी घ्यावं का? नक्की घ्या

आमच्या इथल्या छोट्या नर्सरीतून चौधारी घेवड्याचं बी आणलं, गच्चीत कुंडीत लावलंय आणि मी खूप खूश आहे! बी टणक असतं म्हणून रात्रभर भिजवायचं. खत फक्त घरचं जीवामृत, 20 लिटर पाण्यात 1 किलो शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर माती, सावलीत 2 दिवस ठेवून रोज ढवळायचं मग दहापट पाणी घालून द्यायचं. वेल पावसाळ्यात नुसता पसरतो पण फुलं दिवस लहान झाल्यावरच येतात, हे पाकिटावर लिहायलाच हवं होतं, लोक वैतागून उपटून टाकतील ना. कोवळ्या शेंगांची भाजी मस्तच, पानं फुलंपण खातात.