रॅममॅप: मेमरी गेली कुठे ते दाखवतं, पण औषध आपलं आपणच शोधायचं

नारायण पेठेत आमचा छापखाना आहे, एका जुन्या विंडोज सर्व्हरवर सगळ्या गिऱ्हाइकांची कामं, लग्नपत्रिका, कार्यअहवाल, हँडबिलं, म्हणजे लाखोंनी बारक्या बारक्या फाइल्स. रोज सकाळी मशीन नुसतं रांगायचं. टास्क मॅनेजरमधे मेमरी ९०% च्या वर आणि खालच्या प्रोसेसेसची बेरीज केली तर निम्मी पण भरत नाही, मग बाकीची खातंय कोण? तपकीर गल्लीतल्या एकाने मशीन न बघताच "रॅम वाढवा" सांगून टाकलं.

मग रॅममॅप लावलं. हे मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या टूल्सच्या संचातलं, रॅम कशाकशात अडकलीय ते दाखवणारं टूल, फुकट, इन्स्टॉलची भानगड नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं बास. पहिल्याच 'यूज काउंट्स' टॅबवर सगळं असतं. स्टँडबाय भरपूर दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक फाइल कॅश आहे, म्हणजे आधी वाचलेल्या फाइल्स रॅममधे तशाच ठेवलेल्या, कुणाला मेमरी लागली की विंडोज त्यातूनच देतं, टास्क मॅनेजरच्या 'अव्हेलेबल'मधे पण ती धरलेली असते. बघायचा तो 'अ‍ॅक्टिव्ह'चा कॉलम, म्हणजे आत्ता खरोखर वापरात असलेली मेमरी. आमच्याकडे तिथे 'मेटाफाइल' फुगलेलं निघालं, म्हणजे एनटीएफएसने (विंडोजची डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत) फाइल्सबद्दलची माहिती कॅशमधे धरून ठेवलेली, कारण बॅकअप रोज रात्री एकूण एक फोल्डर चाळत होता. 'एम्प्टी' मेन्यूतलं 'एम्प्टी सिस्टिम वर्किंग सेट', म्हणजे विंडोजने स्वतःसाठी धरलेली मेमरी सोडायला लावणं, केल्यावर आकडा धाडकन खाली, म्हणजे निदान पक्कं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. शेवटी जुन्या वर्षांचे फोल्डर रोजच्या बॅकअपमधून काढले तेव्हा कुठे मशीन ताळ्यावर आलं.

त्या 'एम्प्टी' मेन्यूचा नाद मात्र वाईट. काही गेमिंगवाली पोरं उठसूट स्टँडबाय रिकामी करत बसतात, मग तीच फाइल परत डिस्कवरून वाचायला लागते, मिळवलं काय? आणि नॉनपेज्ड पूल (विंडोज आणि ड्रायव्हर वापरतात ती, डिस्कवर न हलवता येणारी मेमरी) वाढत असेल तर बहुतेक कुठला तरी ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत करत नाहीये असं समजा, पण कुठला ते रॅममॅप सांगत नाही, त्याला पूलमॉन हे मायक्रोसॉफ्टचंच दुसरं टूल लागतं.

तक्रारी आहेतच. आकडे सगळे केबीमधे, जीबी करायला डोकं लावा. रिफ्रेश आपणहून होत नाही, एफ५ दाबायचं. कालचं आज दिसत नाही, पण स्नॅपशॉट सेव्ह होतो, तेव्हा एक रात्री बॅकअपच्या आधी घ्या, एक सकाळी, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. पाचपैकी चार.