लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर लिहिणं: आठ महिन्यांनंतर मत बदललं

विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन लिनक्समध्ये वापरण्यासाठीचा एनटीएफएस३ ड्रायव्हर लिनक्स कर्नल ५.१५ (२०२१) पासून आतच मिळतो, म्हणून आठ महिन्यांपूर्वी एनटीएफएस-३जी या दुसऱ्या ड्रायव्हरशी तुलना करताना त्यालाच पूर्ण गुण दिले होते. मोठ्या फाइली लिहिताना तो फ्यूजवर (कर्नलबाहेरून फाइलसिस्टिम चालवायची सोय) चालणाऱ्या एनटीएफएस-३जीपेक्षा वेगवान आहे. वेगाबद्दल आजही तेच म्हणेन. बाकीचे गुण कापले, कारण लिहिणं फसलं तरी प्रोग्रामला पत्ताच लागत नाही.

विंडोज नीट बंद झालं नाही की व्हॉल्यूमवर (पार्टिशनवर) ‘डर्टी’, म्हणजे तपासणी बाकी असल्याची, खूण राहते. अशा वेळी एनटीएफएस३ ‘फोर्स’ पर्याय दिल्याशिवाय माउंट करत नाही, म्हणजे पार्टिशन फोल्डरला जोडत नाही, आणि ते योग्यच आहे. पण एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं याची यादी) ‘नोफेल’ (माउंट फसलं तरी थांबू नको) असेल तर मशीन तरीही सुरू होतं. माउंट पॉइंट, म्हणजे पार्टिशन जिथे जोडायचं ते फोल्डर, मग लिनक्सच्या मुख्य (रूट) पार्टिशनवरचं साधं रिकामं फोल्डर उरतं. रूट युजरच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने चालणारा कोड त्यात बिनदिक्कत लिहितो: ओपन यशस्वी, राइट यशस्वी, एफसिंकसुद्धा (डेटा डिस्कवर पक्का करणं) यशस्वी! पुढे खरं पार्टिशन माउंट झालं की या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात. डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) सांगतं डिस्क भरली, डीयूला (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) काहीच सापडत नाही. रूट पार्टिशन दुसऱ्या जागी ‘--बाइंड’ने माउंट केलं की त्या दिसतात.

पार्टिशन अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘चॅटआर +आय’ (बदल बंद करणारी खूण) चालवा. मग रूट युजरलाही तिथे फाइल बनवता येत नाही, आणि माउंट झाल्यावर ही खूण आड येत नाही. हे एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर चालतं. शिवाय कोडमध्ये लिहिण्याआधी ‘इझमाउंट’ने तिथे खरंच काही माउंट आहे का ते तपासा आणि प्रॉक-माउंट्समध्ये (चालू माउंटची यादी) ‘आरडब्ल्यू’ (लिहिता येतं) आहे का तेही पाहा. फोल्डर अस्तित्वात आहे एवढं तपासणं पुरेसं नाही.

आता मी एनटीएफएस-३जीकडे परतलो आहे. फास्ट स्टार्टअपमुळे (विंडोज लवकर सुरू करण्याची सोय) विंडोज अर्धवट झोपलेलं असेल तर तो पार्टिशन रीड-ओन्ली माउंट करतो आणि लिहिताना एरर ३० (ईआरओएफएस) येते. संथ आहे, पण गप्प बसत नाही. ‘रिमूव्ह_हायबरफाइल’ (झोपेची फाइल पुसणारा माउंट पर्याय) मात्र वापरू नका, विंडोजचं साठवलेलं सेशन त्यात कायमचं जातं. त्याऐवजी ही झोपच बंद करायला विंडोजमध्ये अॅडमिन म्हणून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ एकदा चालवा; ते जमत नसेल तर शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये या. ‘एनटीएफएसफिक्स -डी’ डर्टी खूण पुसतं, पण ते चेकडिस्कची (विंडोजची डिस्क-तपासणी) जागा घेत नाही.

नावांचंही बघा. वेळ घालून केलेल्या नावातला ‘:’ लिनक्स स्वीकारतं, विंडोजला ती फाइल उघडता येत नाही. ‘विंडोज_नेम्स’ पर्याय दिला की अशी नावं आधीच नाकारली जातात. आणि तात्पुरती फाइल टीएमपी फोल्डरमध्ये बनवून रीनेम करू नका, ते वेगळ्या फाइलसिस्टिमवर असल्याने एरर १८ (ईएक्सडीईव्ही) मिळेल. ती त्याच फोल्डरमध्ये बनवा, एफसिंक करा, मग रीनेम करा.