मॅसी 1035 चा गिअर सुटत होता: दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या मिस्त्रींकडचा अनुभव

आमची मॅसी सासऱ्यांनी 1987 साली घेतली. ते गेल्यावर आणि घरचे नोकरीनिमित्त नागपूरला असल्यामुळे मागच्या नऊ वर्षांपासून ट्रॅक्टर मीच चालवते. वखरणी, पेरणी, ट्रॉली, सगळं.

मागच्या सोयाबीनच्या हंगामात लो सेकंड, म्हणजे हळू चालीतला दुसरा गिअर, सुटायला लागला. भरलेली ट्रॉली घेऊन नाल्याच्या उतारावर आलं की लिव्हर आपोआप न्यूट्रलला यायचा. मागे पंचवीस पोती, पुढे उतार, आणि इंजिनची पकड एकदम गेलेली. एकदा दोन्ही ब्रेकवर उभी राहून कशीबशी थांबवली. त्या दिवशी घरी येऊन पाण्याचा पेला हातात धरवेना. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनी ही गोष्ट हलक्यात घेऊ नये म्हणून एवढं लिहिते आहे.

आधी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेला. तिथल्या माणसाने माझ्याकडे न बघता सोबत आलेल्या दिराला सांगितलं, ट्रॅक्टर मधातून तोडावा लागेल, सगळे गिअर नवे, 28,000 रुपये. झाकण उघडलं नाही, डिपस्टिक काढली नाही. मी काय होतं ते सांगायला लागले तर "भाऊंना कळलं, ताई" म्हणे. दिराला ट्रॅक्टर चालवताही येत नाही.

मग गावातल्या एकाने दारव्ह्याहून दिग्रसकडे जाताना लिंबाखाली टिनाचं शेड आहे, तिथे न्यायला सांगितलं. मिस्त्री साठीच्या पुढचे, सोबत एक पोरगा. त्यांचा पहिला प्रश्न, "चालवते कोण?" मी म्हटलं, मीच. "मंग बसा ताई वर. गिअर टाकून दाखवा."

मी क्लच दाबून सेकंड टाकला, नेहमीसारखं खर्रर्र झालं. त्यांनी मला थांबवलं आणि पेडल स्वतःच्या हाताने दाबून पाहिलं. जवळजवळ निम्मं खाली जाईपर्यंत ते हलकंच लागत होतं, मग कुठे जड झालं. "इथंच आहे तुमची बिमारी," म्हणाले.

ही गोष्ट मला नऊ वर्षांत कोणी समजावली नव्हती. मॅसी 35 च्या घराण्यातल्या ह्या जुन्या गिअरबॉक्समध्ये तीन पुढचे आणि एक मागचा गिअर, आणि हाय-लो लिव्हरने त्यांचे होतात सहा पुढचे, दोन मागचे. गिअर सरकणारे आहेत, म्हणजे आपण लिव्हर ओढला की आख्खं चाकच शाफ्टवर सरकून दुसऱ्या चाकाच्या दातांत जाऊन बसतं. नव्या ट्रॅक्टरांत बहुतेक दात कायम एकमेकांत असतात. इथे तसं नाही. म्हणून गिअर टाकताना आतलं सगळं थांबलेलं असावं लागतं. पेडलची मोकळी चाल वाढली की क्लच पूर्ण सुटत नाही, शाफ्ट हळूहळू फिरतच राहतो, आणि प्रत्येक खर्रर्रमध्ये दाताची कड थोडी थोडी झिजते. झिजून गोल झाली की भार बदलला की गिअर बाहेर ढकलला जातो. मी गिअर बदलायचे ते ट्रॅक्टर चालता ठेवूनच, तेही त्यांनी विचारून घेतलं. "उभा करायचा, क्लच दाबून दोन आकडे मोजायचे, मंग टाकायचा. हाय-लो तर चालत्यात कधीच नाही."

त्या दिवशी फक्त पेडलची चाल कमी करून दिली. बाकीच्या कामासाठी ट्रॅक्टर रात्रभर शेडमध्येच ठेवून घेतला. सकाळी मी पोचल्यावर माझ्यासमोर तेलाचा खालचा बोल्ट दोन आटे ढिला केला. आधी तेल नाही, पाणी आलं. अर्धा पेला तरी असेल. पाणी जड, ते रात्रीतून खाली बसतं. मागून जे तेल आलं ते ताकासारखं पांढुरकं. लिव्हरच्या बुडाचं रबर फाटलेलं होतं आणि ट्रॅक्टर आमच्या अंगणात उघड्यावर असतो. दोन पावसाळ्यांचं पाणी तिथूनच आत गेलेलं.

लिव्हरचं झाकण काढल्यावर आत गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या छोट्या स्प्रिंगा निघाल्या. जुनी आणि नवी दोन्ही त्यांनी माझ्या तळहातावर उभ्या ठेवल्या. जुनी नखभर ठेंगणी, आणि बोटाने दाबली की लगेच बसायची. मग कापडाने पुसून सेकंडच्या दातावर माझं बोट फिरवायला लावलं. बाकी दातांची कड बोटाला टोचते, ह्याची गुळगुळीत. "अजून चार-पाच वर्षं काढते हा. आज बदलवायचं काम नाही." म्हणजे 28,000 चं काम त्यांनी स्वतःहून नको म्हटलं.

तेलाच्या बाबतीत मात्र ते अडून बसले. मी घरून आणलेला गाडीच्या गिअर ऑइलचा डबा त्यांनी टाकू दिला नाही. मॅसीत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात, पंप त्याच तेलात बुडालेला असतो. जाड तेल टाकलं तर थंडीच्या सकाळी लिफ्ट झटके देत उचलते, आणि काही गिअर तेलांतली रसायनं आतल्या पितळी बुशांना खातात. डिझेलने धुवून, जाळी साफ करून, ट्रॅक्टरचंच तेल भरलं. 20 लिटरचा एक डबा पुरला नाही.

बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या घराच्या, खाली एक छिद्र असतं, त्यात खिळ्यासारखी पिन लोंबत असते. आमचं छिद्र चिखलाने बंद होतं. ती पिन रोज हलवून छिद्र मोकळं ठेवायला सांगितलं. तिथून थेंब पडला तर बोटावर घेऊन बघायचा: काळा आणि पातळ असेल तर इंजिनचं सील, घट्ट आणि गिअर तेलाच्या वासाचा असेल तर गिअरबॉक्सचं. दोन्हीकडचं तेल क्लचप्लेटवर गेलं की प्लेट घसरते.

एकूण 11,400 रुपये झाले, त्यात तेलाचाच वाटा मोठा, मजुरी 2,500. छापील पावती नाही, वहीच्या कागदावर हिशेब लिहून देतात, पण जुने पार्ट कागदात गुंडाळून परत देतात. फोन उचलत नाहीत. बसायला एक बाज आणि माठ, बायांसाठी दुसरी काहीच सोय नाही, हे त्यांना मी तोंडावर सांगितलं.

त्यानंतर कापूस आणि तूर दोन्ही घरी आली, त्याच नाल्याच्या उतारावरून. लिव्हर जागचा हलला नाही. मी मात्र अजून डावा हात त्यावर ठेवूनच उतरते.

जायचं असेल तर सोयाबीन निघायच्या आत जा, नंतर शेडसमोर चार-चार ट्रॅक्टर उभे असतात. आणि आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा, गरम ट्रॅक्टरचं तेल ते पाहत नाहीत.