पॅन्सी आमरी घरी आणताना: कोलंबियाची की ब्राझीलची?

पॅन्सीच्या फुलासारखा चेहरा असलेल्या आमरीला सरसकट 'पॅन्सी ऑर्किड' म्हणतात आणि रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर बहुधा 'मिल्टोनिया' एवढेच लिहिलेले असते. त्या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळ्या प्रजाती विकल्या जातात. पहिली ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलातली खरी मिल्टोनिया. दुसरी कोलंबिया, इक्वेडोर, पनामा, कोस्टा रिका या देशांतल्या ढगांनी वेढलेल्या डोंगरउतारांवरची मिल्टोनियॉप्सिस. जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये मिल्टोनिया हे नाव व्हायकाउंट मिल्टन या आमरीप्रेमी सरदारावरून दिले. डोंगरावरच्या जाती वेगळ्या काढून फ्रेंच तज्ज्ञ गोदफ्रॉय-लबफ याने १८८९ मध्ये त्यांना मिल्टोनियॉप्सिस, म्हणजे 'मिल्टोनियासारखी दिसणारी', हे नाव दिले. बागायतदार मात्र त्यानंतरही कित्येक दशके जुनेच नाव वापरत राहिले. चिठ्ठीवरचा घोळ तिथून आलेला आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो महाग पडतो.

फूल नसतानाही दोघी ओळखता येतात. त्यासाठी मुळाजवळचा फुगीर कंद पाहावा. कंदाच्या टोकावर एकच पान असेल, कंद चपटे असून एकमेकांना चिकटून दाटीने उभे असतील आणि पानांचा रंग निळसर-राखाडी झाक असलेला हिरवा असेल, तर ती कोलंबियाकडची. टोकावर दोन पाने असतील, कंदांमध्ये बोट मावेल एवढे अंतर ठेवून आडवे खोड पुढे सरकत गेलेले असेल आणि पाने पोपटी-पिवळसर दिसत असतील, तर ती ब्राझीलची. कंदाच्या तळाशी बाजूने फुटलेली पाने मोजणीत धरू नयेत. मोजायची ती टोकावरचीच. ब्राझीलच्या रोपाचा पिवळसरपणा जातिवंत असतो, त्याला खताची कमतरता समजून खताचा मारा करणाऱ्यांनी अनेक रोपे घालवली आहेत.

फुलांच्या बाबतीत मात्र कोलंबियाकडची निर्विवाद सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. तिचे फूल सपाट, गोलसर आणि तळहाताएवढे मोठे भरते. खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती फुलाचा निम्मा भाग व्यापते आणि तिच्या मध्यावर मुखवट्यासारखा गडद डाग असतो. काही संकरांत त्या डागातून थेंब-थेंब ओघळत खाली आल्यासारखी नक्षी उतरते, तिला धबधब्याची नक्षी म्हणतात. बऱ्याच संकरांना मंद सुवासही असतो. फुले झाडावर चार ते सहा आठवडे टिकतात, पण कापून फुलदाणीत ठेवली की लवकर मान टाकतात. ब्राझीलच्या जाती दिसायला अधिक विविध आहेत: स्पेक्टाबिलिस ही एका दांड्यावर एकच मोठे फूल देते, तर क्लोवेसीची फुले चांदणीसारखी, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची असतात. पॅन्सीचा चेहरा हवा म्हणून कुणी क्लोवेसी घेतली, तर निराशा पदरी येईल. त्यांनी स्पेक्टाबिलिस किंवा रेग्नेली पाहावी.

निवड खरी ठरते ती तापमानावर. कोलंबियाच्या अँडीजमध्ये, जिथे व्हेक्सिलारिया ही या गटातली सर्वांत नावाजलेली जात वाढते, तिथे वर्षभर दिवस सौम्य, रात्री गार आणि हवा सतत दमट असते. या रोपाला दिवसा साधारण २६-२७ अंशांपर्यंत आणि रात्री १३ ते १६ अंशांच्या आसपास तापमान मानवते. ब्राझीलची मिल्टोनिया मात्र हवा दमट आणि खेळती असेल तर तिशीच्या थोडे वर गेलेला पाराही सोसते.

पुण्यात मी पहिले रोप जानेवारीत घेतले, तेव्हा मला हा फरक ठाऊक नव्हता. थंडीत ते महिनाभर सुरेख फुलले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नवे पान बाहेर येताना घडी घातलेल्या पंख्यासारखे चुण्या पडून अडकले, कडेला बोट लावले तर ते चिकट आणि मऊ लागत होते. हवेतला ओलावा किंवा मुळांना मिळणारे पाणी कमी पडले की पान अशा चुण्या घेऊनच वाढते, आणि पुढे कितीही पाणी घातले तरी त्या उलगडत नाहीत; नीट निगा सुरू झाल्यावर येणारे पुढचे पान तेवढे सरळ येते. माझ्या रोपाला ते पुढचे पान आलेच नाही, कारण मी घाबरून रोज पाणी ओतले आणि मुळे कुजवली.

म्हणून मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा इथल्या वाचकांना माझे स्पष्ट सांगणे आहे की ब्राझीलची मिल्टोनिया घ्यावी, किंवा मिल्टोनिया आणि ब्रासिया नावाची दुसरी आमरी यांच्या संकरातून तयार झालेली मिल्टासिया घ्यावी, जी उष्णता बरीच सोसते. किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या रात्रीही चोवीस-पंचवीस अंशांखाली क्वचितच जातात, आणि कोलंबियाकडच्या रोपाला रात्रीचा गारवाच मिळाला नाही तर ते हळूहळू खंगते. पुणे-नाशिककडे हिवाळा आणि पावसाळा दोघींना मानवतो. प्रश्न एप्रिल-मेच्या कोरड्या अडतीस-चाळीस अंशांचा असतो, आणि ते दोन महिने घरातल्या सर्वांत गार खोलीत, ओल्या खड्यांच्या तबकावर रोप सांभाळण्याची तयारी असेल तरच कोलंबियाकडची आणावी. महाबळेश्वर-पाचगणीला किंवा लंडन, सॅन फ्रान्सिस्को अशा थंड हवेच्या शहरांत राहणाऱ्या मराठी घरांनी ती नि:शंकपणे घ्यावी. परदेशात फक्त हिवाळ्यातल्या हीटरच्या कोरड्या हवेपासून तिला दूर ठेवावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात मी दोहोंपैकी कुठलीच सुचवणार नाही.

निगा दोघींची बरीच सारखी आहे. पूर्वेच्या खिडकीतला कोवळा उजेड पुरतो, ब्राझीलच्या रोपाला किंचित जास्त चालतो; पानावर गुलाबी झाक आली तर उजेड पुरेसा आहे, लाली गडद होऊ लागली तर तो जास्त झाला. पाण्यातले क्षार मात्र कोलंबियाकडच्या रोपाला मुळीच खपत नाहीत. बोअरच्या पाण्याने पानांची टोके काळी पडत जातात, तेव्हा पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी द्यावे, खत पाकिटावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्यानेच घालावे आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी. तिचे माध्यम, म्हणजे कुंडीतले मिश्रण, कधीच पूर्ण वाळू द्यायचे नाही. ब्राझीलच्या रोपाला दोन पाण्यांच्या मध्ये वरचा थर वाळू दिला तरी चालतो.

कुंडीची निवडही वेगळी असते. कोलंबियाकडच्या रोपाची मुळे बारीक असल्याने पाइनच्या सालीचे लहान तुकडे, कोळसा आणि थोडे स्फॅग्नम शेवाळ यांचे मिश्रण लहानशा कुंडीत घट्ट बसवावे आणि ते दरवर्षी बदलावे, कारण कुजलेल्या मिश्रणात ही मुळे लगेच जातात. आपल्याकडे हे काम ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यावर, नव्या कोंबाच्या तळाशी पांढरी मुळे डोकावू लागली की करावे. ब्राझीलच्या रोपाचे खोड पुढे सरकत असल्यामुळे त्याला रुंद, उथळ कुंडी किंवा लाकडी टोपली द्यावी. नारळाच्या सोडणाचे तुकडे त्याला चांगले मानवतात, मात्र ते आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यांतले क्षार काढून टाकावे लागतात. रोप टोपलीत बसवताना जुने कंद एका कडेला टेकवावेत आणि नव्या कोंबापुढे निदान दोन वर्षांची जागा मोकळी सोडावी.